पाटणचा पाऊस आणि आमचा तंबू

कराडहून चिपळूणच्या रस्त्याला लागले की मल्हारपेठ, नवारस्ता ही गावे मागे पडतात आणि तासाभरात पाटण येते. कोयनेच्या काठावरचे हे तालुक्याचे गाव. आजोबांनी येथे किराणा आणि कापडाचे दुकान घातले, वडिलांनी ते वाढविले, आणि आम्ही भावंडे शिकून नोकऱ्यांना लागल्यावर १९८४ साली दुकान विकून आमचे बिऱ्हाड कराडला आले. मी बँकेत छत्तीस वर्षे काढली. बदल्यांच्या निमित्ताने अनेक गावे पाहिली, परंतु पाऊस सुरू झाला की मन पाटणकडेच वळते. गेल्या दोन वर्षांत दोनदा, सहकुटुंब, पाटण तालुक्यात तंबू ठोकून राहण्याचा योग आला. पहिला प्रसंग सांगताना आजही संकोच वाटतो. दुसरा चांगला पार पडला. या दोहोंमध्ये जे शिकलो ते वाचक-कुटुंबांना उपयोगी पडेल असे वाटून लिहीत आहे, कारण अलीकडे आपल्या घरांतील नातवंडे पावसाळी तंबू-सहलीचा हट्ट धरू लागली आहेत आणि तंबूचे पैसे अर्थातच आजोबांच्या खिशातून जातात.

तंबूशी माझी पहिली ओळख मात्र हौसेची नव्हती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. आमच्या दुकानामागची भिंत परसात कोसळली. त्यानंतरही धक्के बसत राहिले आणि घरात झोपण्यास कोणी धजेना. वडिलांनी गुळाच्या ढेपा झाकण्याची मोठी ताडपत्री काढली, बांबू रोवले आणि परसातच पाल उभारले. आम्ही अकरा माणसे त्यात राहिलो. वडिलांनी अंथरुणे दोन्ही कडांनी लावली होती आणि मध्ये दीड हाताची वाट मोकळी ठेवली होती. रात्री कोणी उठले तर त्याला दुसऱ्याच्या अंगावरून ओलांडून जावे लागू नये, हा त्यांचा कटाक्ष होता. पहाटे ताडपत्रीच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकत असे. पाऊस नसताना हे पाणी येते कोठून, हे मला तेव्हा उमजत नसे. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारे अक्का म्हणतो, तेव्हा सोळा वर्षांची होती. ती माझ्या डोक्यावर आपली शाल धरून बसे.

आपल्या समाजाला तंबू अपरिचित आहे असे नाही. छ'री पालित पायी संघात चालून आलेल्यांना तंबूतील मुक्काम ठाऊक आहे. परंतु ते तंबू हिवाळ्यातले असतात, मंडपवाल्याने आधीच उभारलेले असतात, आणि यात्रिकाने फक्त आत जाऊन अंग टाकायचे असते. पावसाळ्यात संघ निघतच नाही. त्यामुळे तो अनुभव पाटणच्या पावसात काही कामास येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

पहिली सहल दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधली. चातुर्मास बसण्यापूर्वी जाऊन यावे असे ठरले. आम्ही सात जण होतो. मी, सौ., अक्का, मुलगा, सूनबाई, नऊ वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू. दुकानात तंबूच्या पिशवीवर ‘सहा माणसांसाठी’ असे छापलेले होते. दोन मुले मिळून एक माणूस, म्हणजे आम्ही सहाच झालो, असा हिशेब मी तेथल्या तेथे केला. विक्रेत्याने सांगितले की कापड तीन हजार मिलिमीटरचे आहे. नवजाला बहुतेक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो हे मला ठाऊक होते. पण आम्ही वर्षभर थोडेच राहणार होतो! दोन रात्रींना तीन हजार पुष्कळ झाले, असे म्हणून मी साडेचार हजार रुपये मोजले. एम.कॉम. झालेल्या माणसाने असा हिशेब करावा, यावर घरात अजूनही हसतात.

जागा कोयनानगरच्या बाजूची, एका परिचितांच्या शेतातील, नदीजवळची हिरवीगार सपाटी. दुपारी तंबू उभा राहिला तेव्हा फार शोभिवंत दिसत होता. आभाळ भरून आल्याने सहालाच अंधारले, म्हणून घाईघाईने जेवणे उरकली. ती उरकतानाच लक्षात आले की सात माणसे मांडी घालून बसली की मध्ये डबे ठेवण्यास जागा उरत नाही. आठच्या सुमारास पाऊस आला. त्या तंबूला वरून जे दुसरे कापड होते ते केवळ टोपीसारखे, माथ्यापुरते होते. खालच्या निम्म्या भिंती एकेरीच होत्या. वाऱ्याने पाऊस तिरपा झाला आणि भिंती आत येऊन आमच्या पाठींना चिकटल्या. जेथे पाठ टेकली तेथून पाणी आत आले. तळाच्या शिवणीतूनही ओल वर येऊ लागली.

अक्का त्या वेळी प्रतिक्रमणास बसली होती. तिच्या हातावर एक थेंब पडला, मग दुसरा. व्रतात असताना सचित्त पाण्याचा स्पर्श झाल्यास तिला काय वाटले असेल, हे या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. तिने काही म्हटले नाही. रात्री दोन वाजता मुलगा आणि सूनबाई नातवाला घेऊन मोटारीत जाऊन बसले. अक्का पहाटेपर्यंत एका कोपऱ्यात, आपली पिशवी मांडीवर घेऊन, बसूनच राहिली. कारण पाय पसरावेत तर ते नातीच्या डोक्याला लागत होते. सकाळी आम्ही गाशा गुंडाळला. त्यानंतर दिवाळीत पुन्हा सहलीचा विषय निघाला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “तुम्ही या जाऊन. मी घर सांभाळीन.” भूकंपाच्या पालात जिने माझ्या डोक्यावर शाल धरली, तिला मी साठ वर्षांनी असे छप्पर दिले, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

निवृत्त माणसाजवळ वेळ असतो. मी तो तंबू गच्चीवर पसरला आणि टेपने मोजला. रुंदी साडेआठ फूट निघाली. ती सहांत भागली तर माणशी सतरा इंच. धर्मशाळेतील गादीसुद्धा याहून रुंद असते! मग तंबूंविषयी जे मिळेल ते वाचले, पुण्यातील भाड्याने तंबू देणाऱ्या दोघा-तिघांना भेटलो, आणि कळले की तंबूवरचा आकडा हा फक्त झोपलेल्या देहांचा असतो. अरुंद बिछाने एकाला एक चिकटवून किती मावतील, एवढेच तो सांगतो. त्यात सामान धरलेले नसते, ओल्या छत्र्या धरलेल्या नसतात. मुख्य म्हणजे बसून काढावे लागणारे तास धरलेले नसतात. कोरड्या दिवसांत माणसे तंबूत केवळ झोपतात. पाटणच्या पावसात मात्र दुपारी तीनपासून सकाळी नऊपर्यंत सारे कुटुंब त्यातच राहते.

आपल्या व्यापारी वाचकांना हे कॅश क्रेडिटच्या भाषेत चटकन कळेल. गोदामात दहा लाखांचा माल आहे म्हणून बँक दहा लाख उचलू देत नाही. मार्जिन वजा करून जी ड्रॉइंग पॉवर निघते, तेवढेच खरे. तंबूवरचा आकडा हा मालाचा आकडा आहे. पावसाळी मुक्कामासाठी त्यातून मी चाळीस टक्के मार्जिन वजा करतो. आठ माणसांचा तंबू म्हणजे पाच माणसांचा, सहा माणसांचा म्हणजे साडेतीन माणसांचा. आणि मुलांना अर्धे धरू नये. मुलांना अर्धे तिकीट असते. पण त्यांच्या ओल्या चपला आणि चिखलाचे कपडे पूर्ण असतात.

रुंदीखालोखाल उंची. तरुण मंडळी कमरेत वाकून शिरणाऱ्या तंबूत आनंदाने राहतात. परंतु सौ.च्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि अक्का पंच्याहत्तरीकडे झुकली आहे. शिवाय एक अशी गोष्ट आहे की जी तंबू बनविणाऱ्या पुरुषांच्या ध्यानात येत नसावी. सहावारी साडी बसून नेसता येत नाही. पहिल्या सहलीत दोन बायकांना ओल्या साड्यांतच कराडपर्यंत यावे लागले, ते याच कारणाने. म्हणून तंबूच्या मधल्या भागात तरी सहा फुटांच्या वर उंची असावी आणि मधला पडदा लावून दोन खोल्या करता याव्यात. भिंती फार उतरत्या नसाव्यात, नाही तर कागदावरच्या लांबी-रुंदीपैकी कडेचा हातभर भाग निरुपयोगी होतो. दुकानात तंबू उभा करून दाखविण्याचा आग्रह धरावा आणि घरातील सर्वांत वयस्कर माणसाला आत नेऊन खुर्चीवर बसवून पाहावे. विक्रेता कंटाळला तर कंटाळू द्यावा.

आता पाण्याविषयी. तो जो मिलिमीटरचा आकडा असतो, त्याचा पडणाऱ्या पावसाशी थेट संबंध नाही. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करून त्याची उंची वाढवीत नेतात. ज्या उंचीला कापडातून थेंब पाझरू लागतात तो आकडा. म्हणजे तो कापडाने सोसलेला दाब आहे. वरच्या कापडाला दोन ते तीन हजार पुरेसे होतात. तळाला मात्र पाच हजार किंवा त्याहून अधिक असावे, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की त्या एवढ्याशा जागेवर पावसापेक्षा किती तरी अधिक दाब येतो. माझ्या तंबूचे तीन हजार कदाचित खरेही असतील. पाणी आले ते कापडातून थोडे आणि शिवणीतून फार. शिवणीवर आतून पट्टी चिकटविलेली आहे की नाही, हे हात फिरवून पाहावे. तळ परातीसारखा, चारी बाजूंनी वीतभर वर उचललेला असावा, म्हणजे वाहून येणारे पाणी काठाशी अडते.

वरचे आच्छादन दुहेरी असावे आणि ते माथ्यापुरते नसून जमिनीच्या जवळपर्यंत उतरलेले असावे. १९६७ मध्ये न उमजलेले कोडे मला येथे सुटले. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. सात माणसांचे मिळून हे दीड-दोन लिटर होते. थंड कापडाला ही वाफ लागली की तिचे थेंब होतात. एकेरी तंबूत ते अंगावर पडतात आणि आपण म्हणतो तंबू गळतो. दुहेरी तंबूत ते बाहेरच्या कापडाच्या आतल्या अंगावर जमतात आणि आतल्या भिंतीला न शिवता ओघळून जमिनीवर जातात. मात्र दोन्ही कापडांत बोटभर तरी अंतर राहिले पाहिजे, आणि वर हवा जाण्याच्या खिडक्या पावसातही उघड्या ठेवता आल्या पाहिजेत. थंडी वाजते म्हणून आपली मंडळी सर्व चेन बंद करतात आणि पहाटे भिजतात. नायलॉनचे कापड ओले झाले की सैल पडते व आतल्या कापडाला टेकते. पॉलिस्टरचे तितके पडत नाही.

पडवी नसलेला तंबू पावसाळ्यासाठी घेऊच नये. घराला जशी ओसरी-पडवी, तशी दारापुढची ही झाकलेली, तळ नसलेली जागा. चपला, छत्र्या, चिखल सारे तेथेच थांबते. दार असे असावे की ते उघडताच पाऊस थेट अंथरुणावर येऊ नये. पडवी कितीही मोठी असली तरी तिच्यात किंवा तंबूत शेगडी पेटवू नये. कापड क्षणात पेटते, आणि बंद जागेतील जळणाच्या वायूने झोपेतच माणसे दगावतात. स्वयंपाकासाठी वेगळी ताडपत्री बांधावी आणि तिच्या बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

दांड्यांविषयी एवढेच की काचतंतूचे दांडे स्वस्त असतात पण जोरात वाकले की चिरतात. ॲल्युमिनियमचे महाग पडतात पण टिकतात. उभारणीचा क्रमही विचारून घ्यावा. काही तंबूंत आधी आतला भाग उभा करून मग वर आच्छादन घालावे लागते. भर पावसात हे करणे म्हणजे घर भिजवून मग छप्पर घालणे होय. आधी आच्छादन उभे राहते व आतला भाग नंतर टांगता येतो, असा मिळाला तर तो घ्यावा.

एकच अवाढव्य तंबू घ्यावा की दोन मध्यम, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. फार मोठ्या तंबूला वारा शिडासारखा धरतो, आणि सात माणसांचे मार्जिन काढले तर बारा माणसांचा तंबू घ्यावा लागला असता. शेवटी आठ माणसांचा, उंच, दोन खोल्यांचा एक घेतला. त्याला बावीस हजार पडले. मुलगा, सूनबाई आणि नातू यांच्यासाठी चार माणसांचा लहान तंबू पुण्याहून भाड्याने आणला. वर्षातून एकदाच जाणार असाल तर मोठाही भाड्याने आणावा असे माझे मत आहे. भांडवल अडकविण्याचा मोह आपल्याला फार.

खरेदीनंतर मी एक गोष्ट केली, ती सर्वांनी करावी. मेच्या अखेरीस आमच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत तंबू उभारला आणि मुलाने बागेच्या नळीने त्यावर पाणी सोडले. अक्का सहज म्हणून खाली उतरून आली. ती दारातून न वाकता आत गेली, मागच्या भिंतीपर्यंत चालली, आणि खुर्ची मागवून तिने मुलाला पाणी बरोबर माथ्यावर सोडण्यास सांगितले. पंधरा मिनिटे ती मान वर करून बसली होती. खिडकीजवळच्या शिवणीतून एक थेंब पाझरला, तो प्रथम तिनेच पाहिला. तेथे आम्ही नंतर शिवण भरण्याचा चिकट लेप लावला. बाहेर येताना तिने विचारले, “याचं दार कुठल्या बाजूला करणार? माझं आसन मागच्या कोपऱ्यात असू दे.” मी यावर काही बोललो नाही, बोललो असतो तर बेत फिसकटला असता.

जागेची निवड ही तंबूच्या निवडीपेक्षा अवघड निघाली. पाटण तालुक्याचा पाऊस सर्वत्र सारखा नाही. सह्याद्रीच्या माथ्याजवळ नवजाला जो पाऊस पडतो, त्याचा सहावा हिस्साही कराडला पडत नाही, आणि पाटण या दोहोंच्या मध्ये आहे. कोयनानगर ते पाटण हे अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचे. तेवढे अलीकडे आले तरी पावसाचा जोर बराच उतरतो. म्हणजे येथे माणसाला आपल्या सोसण्याप्रमाणे पाऊस निवडता येतो. कुटुंब घेऊन जाणाराने अलीकडचा पाऊस निवडावा आणि पलीकडचा दिवसा पाहून यावा. अभयारण्याच्या आणि वनखात्याच्या हद्दीत परवानगीवाचून तंबू ठोकता येत नाही, हेही ध्यानात असावे.

नातीला तंबू सडावाघापूरच्या पठारावर हवा होता. तारळे–पाटण रस्त्यावरच्या या पठारावर उलटा धबधबा आहे. कड्यावरून पडणारे पाणी खालून येणारा वारा पुन्हा वर फेकतो. मी तिला विचारले, “जो वारा ओढ्याला उलटा फिरवतो, तो तुझ्या तंबूचं काय करील?” तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “आजोबा, मग आपण खालीच राहू.” त्याखेरीज दुसरी अडचण म्हणजे असल्या कातळावर मेख शिरत नाही, दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. उघड्या माथ्यावर विजेचे भयही असतेच.

खाली राहावे तर कोठे? नदीकाठ नको, हे आता कळले होते. जुलै-ऑगस्टमध्ये धरण भरून सहा वक्र दरवाजे उचलले की कोयनेचे पात्र वाढते. डोंगराचा पायथा तर मुळीच नको. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत याच तालुक्यातील आंबेघर, मीरगाव, ढोकावळे येथे डोंगर खचून घरे गाडली गेली. ती माणसे पिढ्यान् पिढ्या तेथे राहत होती. आपण एका रात्रीचे पाहुणे. आपल्याला त्या डोंगराचे काय कळणार? म्हणून आधी मुलगा आणि मी दोघेच जाऊन आलो. पाटणजवळ केरा नदीच्या खोऱ्यात, वस्तीला लागून, एका शेतकरी कुटुंबाचे मुरमाड आवार मिळाले. घरमालक आजोबा माझ्याहून वडील. मी जागा दाखविली ती त्यांनी मोडीत काढली. “तितनं पानी जातंय,” म्हणून त्यांनी आडव्या पडलेल्या वाळक्या गवताकडे बोट दाखविले. गेल्या वर्षीच्या पाण्याने ते एकाच दिशेला लोळविले होते. मग त्यांनी स्वतः जनावरांच्या गोठ्याच्या वरच्या अंगाची किंचित उतरती जागा दिली. डोक्यावर झाड नाही, पाठीशी लगेच डोंगर नाही, आणि रात्री काही झालेच तर वीस पावलांवर पक्के घर.

मुरमाची जागा आणखी एका कारणाने बरी पडली. पहिल्या वेळची हिरवी सपाटी अक्काला मुळातच रुचली नव्हती. गवत, शेवाळ, त्यातले बारीक जीव, त्यावर सात माणसांनी दोन दिवस वावरायचे! मुरमावर हिरवळ नव्हती आणि पाणीही साचत नव्हते. तंबूखाली अंथरायचे प्लास्टिक मुलाने तंबूच्या तळाहून दोन बोटे आतच दुमडले. ते बाहेर राहिले तर छपरावरून पडणारे पाणी त्यावर झेलले जाते आणि नेमके तंबूखाली येते.

यंदाच्या जूनमध्ये, हवामान खात्याचा इशारा नाही असे पाहून, आम्ही शनिवारी सकाळी निघालो. इशारा असता तर गेलो नसतो. भाड्याची अनामत बुडाली असती तरी. अकरा वाजता तंबू उभे राहिले. दोन्ही दारे समोरासमोर ठेवून मध्ये ताडपत्री ताणली. ती आमची बैठक आणि तिच्या कडेला स्वयंपाक. दातेगडावरची कातळात कोरलेली तलवारीच्या आकाराची विहीर मुलाने मुलांना दाखवून आणली. शेतात घरमालकांच्या सुना प्लास्टिकच्या खोळी घेऊन काम करीत होत्या. आजोबांनी मात्र गोठ्यातून आपले जुने इरले काढून नातवाच्या डोक्यावर ठेवले. तो त्यात गुडघ्यापर्यंत झाकला गेला आणि बराच वेळ बाहेर येईना. पावसातली सर्वांत जुनी राहुटी हीच म्हणावयाची. एका माणसाची, आणि मार्जिन धरलेली.

तीन वाजून गेल्यावर केऱ्याच्या खोऱ्यातून पाऊस वर चढत आला. पठारावरच्या पवनचक्क्या एकेक करून ढगात गेल्या. पाचच मिनिटांत छपरावर असा आवाज सुरू झाला की बोललेले ऐकू येईना. मी उठून खिडकीजवळची शिवण हाताने चाचपली. कोरडी होती. पुन्हा दहा मिनिटांनी चाचपली.

अक्काने मागच्या खोलीत आपले आसन घातले, वाळूची घडी उलटी केली आणि ती सामायिकास बसली. अठ्ठेचाळीस मिनिटे. मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसलो. पण वाचले काहीच नाही, माझे लक्ष छपराकडे आणि तिच्या हातांकडे होते. सौ. गुडघ्याखाली उशी घेऊन आडवी झाली होती. नात आणि नातू पडदा ओढून मधल्या जागेत पत्ते खेळत होते. सूनबाई एकदा छत्री घेऊन आली, पडवीत चपला काढून आत आली, डबा घेऊन गेली. तिला कोणाला ओलांडावे लागले नाही. नातवाला मध्येच बाहेर जायचे होते, तो मधल्या वाटेने गेला आणि आला.

घडीतली वाळू संपली. पाऊस तसाच होता. अक्काने सामायिक पारले, आसनाची घडी घातली, तळावर एकदा हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, “अरे, भात टाकलाय का? आभाळ पाहिलंस? सहालाच अंधार होईल.”